प्रेमलाची पंगत

प्रेमला निकम खोटं बोलायची, आणि सफाईने बोलायची. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं; खोटं बोलणारं तोंड मला वर्गाच्या दारातून ओळखू येतं. पण या बाईने मला भिंतीपलीकडे राहून कितीतरी दिवस बनवलं. तिचं खोटं पकडता का येत नव्हतं ते मला नंतर कळलं. ते पुरतं खोटं नव्हतंच. "सांधं धरल्यात, बाई," असं ती सांगायची आणि सांधे खरोखरच धरलेले असायचे. फक्त त्या सांध्यांच्या आड तिने दुसरा आजार झाकून ठेवला होता.

भाजी आणि फळांचे घाऊक गाळे मुंबईहून वाशीला हलले, त्या सुमाराची ही गोष्ट. कांदा-बटाटा त्याच्या बराच आधी आला होता आणि त्याच्यामागोमाग सातारकडची माणसं आली होती. कोपरखैरण्यात आमची सिडकोची बैठी घरं, भिंतीला भिंत लागलेली. अलीकडे मी, पलीकडे निकम. प्रेमलाचा नवरा नामदेव कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होता. ट्रकमधली पोती पाठीवर घ्यायची आणि गाळ्यात नेऊन थप्पी लावायची, हे त्याचं काम. त्याची सगळी टोळी एकाच गावची, कोरेगाव तालुक्यातली. बायकामुलं गावाकडे, ही माणसं इकडे एका खोलीत, आणि दोन्ही वेळचं जेवण प्रेमलाकडे. तिच्या बाहेरच्या खोलीत पंगत बसायची आणि आत ओट्यापाशी ती भाकऱ्या थापायची.

खानावळच होती ती, पण प्रेमलाला तो शब्द आवडत नसे. "माजी मानसं जेवत्यात," एवढंच ती म्हणायची. कोणाला भाकरीचा पापुद्रा कडक लागतो, कोणाच्या पोटाला हरभऱ्याची डाळ सोसत नाही, घरून पत्र आलं की कोणाचं जेवण कमी होतं, हे सगळं तिला पाठ. टोळीत वयाने मोठे हौसेराव, नात्याने तिचे चुलतसासरे. सगळ्यात धाकटा बाजीराव, नामदेवचा चुलतभाऊ. मिसरूड फुटायच्या आत गावाहून आला तो थेट प्रेमलाच्या ओट्यापाशी, आणि सुरुवातीला रोज जेवताना आईच्या आठवणीने रडायचा. आता चांगला आडवातिडवा झाला होता, तरी वहिनीने वाढल्याशिवाय त्याचं पोट भरत नसे. मुलगी लग्न होऊन गेल्यावर हिची सगळी माया बाजीरावच्या ताटात पडते, असं मी तिला चिडवायची. "पडू दे की," ती म्हणायची. "ताट मोटं हाय त्येचं."

संधिवात तिला मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर लागला तो कायमचा. सकाळी बोटं वळायची नाहीत. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायची आणि जरा सैल पडले की पीठ मळायला घ्यायची. बोटं एका बाजूला कलत गेली तशी तिने थापायची रीत बदलली. तळव्याच्या मागच्या भागाने थापायला लागली. भाकरी तरीही गोल यायची. मधूनच सांधे भडकायचे. मनगटं, गुडघे लालबुंद होऊन सुजायचे, पांघरूण लागलं तरी कण्हायची. तेवढे दिवस पलीकडच्या ओळीतली पुतळा येऊन भाकऱ्या करून द्यायची. टोळीला याची सवय होती. वहिनीचे सांधे धरतात आणि पुन्हा सोडतात, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर तिचं फावलं.

एका दुपारी मी शाळेतून आले तर ती माझ्या पायरीवर बसलेली. स्वतःच्या दारापर्यंत जायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. चेहरा मातीसारखा. मी आधाराला हात धरला तर हाताच्या पाठीवर चिकटपट्टी, आणि तिच्यापासून वरपर्यंत शीर काळी पडलेली.

"सांध्यांसाठी शिरेत इंजेक्शन कोण देतं गं?" मी विचारलं.

"मुंबईचा डॉक्टर."

"कुठल्या हॉस्पिटलातला?"

तिने हाताच्या पाठीवर पदर ओढला आणि मग नाव सांगितलं. त्या हॉस्पिटलात सांध्यांसाठी कोणी जात नाही, हे लहान पोरालाही माहीत आहे. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.  तिच्या छातीत गाठ आली होती. मागे ती "लेकीकडं चालली" म्हणून गेली होती, ती ऑपरेशन करून आली होती. आता दर तीन आठवड्यांनी शिरेतून लाल औषधाचा डोस चालू होता. जाताना बसने जायची, येताना बसनेच, आणि संध्याकाळी पंगतीला वाढायची.

"ह्यास्नी सोडून कुनालाच ठावं न्हाई," ती म्हणाली. ह्यास्नी म्हणजे नामदेवला. "तुमी बी इसरून जावा."

"का म्हणून विसरू? टोळी काय परकी आहे?"

"परकी न्हाई म्हनून तर." तिने पदराने तोंड पुसलं. "गावाकडं माज्या सासूच्या भनीला हेच झालतं. तिचं पान्याचं भांडं दारामागं येगळं ठेवल्यालं म्या बगितलंय. तिची पोटची पोरं बी तिच्या हातचं खाईनाती. आन् मी तर हातानं भाकरी थापून घालती. कळलं तर पंगत उटंल, बाई."

"अगं, हा रोग असा लागत नाही."

"तुमास्नी ठावं हाय. मला बी डॉक्टरीनबाईनं सांगितलंय. पर ताटावर बसल्याल्या मानसाला कोन सांगनार?"

तिला मरणाची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. होती, आणि ती मला तिच्या डोळ्यांत दिसायची. पण आपल्या हातचं अन्न समोर असताना एखादं माणूस हात आखडून बसलंय, ही कल्पनाच तिला त्याहून सोसत नव्हती. मी तिला शब्द दिला. शब्द देताना मला तिचा राग आला होता आणि तिच्याबद्दल इतकं वाईटही वाटलं होतं की त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून मी रजा टाकून तिच्याबरोबर डोसाला जायला लागले. डोसानंतरचे एक-दोन दिवस म्हणजे तिचा सण. उलट्या होऊ नयेत म्हणून जे औषध देतात त्याने तेवढ्यापुरते सांधेही गप्प बसतात, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. बोटं वळायची, गुडघे वाकायचे. प्रेमला त्या दिवसांवर तुटून पडायची. मसाला कुटायचा, लसणाची चटणी करायची, पातेली घासून उन्हात मांडायची, गिरणीतून दळण आणायचं. मी ओरडायची. "हात चालत्यात तवर करून घेती," हे तिचं उत्तर. मग औषधाचा अंमल उतरायचा. सांधे आधीपेक्षा जोरात भडकायचे आणि त्याच वेळी थकवा येऊन बसायचा.

तो थकवा मला नीट सांगता येणार नाही, कारण मी तो फक्त पाहिला. लसूण सोलायला घ्यायची आणि दोन-चार पाकळ्या सोलून भिंतीला टेकायची. आंघोळ करून आली की साडी नेसण्याचं बळ येईपर्यंत तशीच खाटेवर पडून राहायची. एकदा मीच तिला म्हटलं, दुपारी झोप काढ, बरं वाटेल. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "पोती वाहून आल्यालं मानूस झोपतं आन् सकाळी ताजं व्हतं. माजं तसं न्हाई, बाई. मी उटायच्या आदीच दमनूक उटून बसल्याली असती." आणि झोपायची सोय तरी कुठे होती? पडून राहिलं की सांधे आखडायचे, हललं की थकवा यायचा. एक आजार म्हणे पडून राहा आणि दुसरा म्हणे पडलीस तर उठू देणार नाही. या दोघांच्या भांडणात ती दिवस काढत होती.

तरी तिने तिच्यापुरते मार्ग काढले होते. नामदेवकडून एक उंच स्टूल करून घेतलं आणि ओट्यापाशी बसून थापायला लागली. पिठाचा डबा खाली वाकावं लागू नये म्हणून वर घेतला. बादली सोडून तांब्याने पाणी न्यायला शिकली. केस गेले तेव्हाही कोणाला संशय आला नाही. हौसेराव पंगतीला असत म्हणून ती एरवीही डोक्यावर पदर घ्यायची, तो आता जरा पुढे ओढला. टोळीतल्या कोणी विचारलंच, तर "सांधं" हे एकच उत्तर होतं.

ते उत्तर बाजीरावच्या जिवाला लागलं. वहिनी स्टुलावर बसून भाकरी करते आणि मधेच डोळे मिटते, हे त्याला बघवेना. तो गावच्या यात्रेला गेला तेव्हा तिथल्या कुठल्याशा वैदूकडून सांध्यांवरच्या पांढऱ्या पुड्या घेऊन आला. खिशातून पुरचुंडी काढून त्याने ती ओट्यावर ठेवली.

"वहिनी, ह्यानं आपल्याकडच्या म्हाताऱ्या उटून शेतावर जाय लागल्यात. रोज एक दुदातनं घ्या. माजी आन हाय."

प्रेमला काय बोलणार होती? नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. तिने पुरचुंडी घेतली आणि नंतर टाकून देऊ असं ठरवलं. पण त्या संध्याकाळी मनगटं इतकी ठणकत होती की तिने एक पुडी घेतली. सकाळी हात मोकळे झाले. असल्या पुड्यांत काय जहाल कुटून घातलेलं असतं ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तिला मात्र वाटलं, देव पावला. ती रोज घ्यायला लागली. मला तिने एका शब्दाने सांगितलं नाही, कारण मी काय म्हणणार ते तिला माहीत होतं.

ते दिवस पंगतीचे फार आनंदाचे होते, हेही सांगितलं पाहिजे. वहिनी उभ्याने वाढत होती. बाजीराव तर जसा काही रोग त्यानेच कुस्तीत पाडला अशा थाटात मांडी घालून बसायचा. तिने त्याच्यासाठी खास भरली वांगी केली होती आणि मला वाटीभर पाठवली होती. मी खाल्ली. मलाही वाटलं, डोस मानवतायत हिला.

मग एका सकाळी भिंतीपलीकडचा भाकरी थापण्याचा आवाज मधेच तुटला. मी थोडं थांबले. पुन्हा सुरू होईना तेव्हा धावले. प्रेमला स्टुलावरून खाली घसरून ओट्याला टेकून बसली होती, हात पिठाचे, तव्यावरची भाकरी जळत होती. ती मला ओळखत होती पण बोलू शकत नव्हती. ओळीतल्या टॅक्सीवाल्याला हाक मारून मी तिला मुंबईला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. डोसांमुळे अंगातली झुंजायची शक्ती आधीच संपत आलेली, त्यात छातीत जंतूंचा शिरकाव झालेला. असं झालं की ताप येतो, आणि ताप आला की माणसं धावत हॉस्पिटलात येतात. हिला ताप चढलाच नव्हता. त्या पुडीने तो दाबून ठेवला होता. आतून घर पेटलं होतं आणि बाहेर धूरही नाही.

"बाहेरचं औषध घेतलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "कोणी दिलं?"

"घरच्यानं. मायेनं दिलं," प्रेमला म्हणाली. तिचा आवाज जेमतेम येत होता.

"माया राहू द्या. पुन्हा असं झालं तर मला पुढचे डोस देता येणार नाहीत. आणि डोस अर्ध्यावर सोडले तर गाठ परत येईल. कळतंय का?"

नामदेव मार्केटातून तसाच आला होता, अंगावर कांद्याची सालं. मी त्याला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं आणि सगळा राग त्याच्यावर काढला. एवढाली पोती उचलता आणि तोंड उघडता येत नाही, असं काहीबाही बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता. "तिनं शपत घातलीया, बाई," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. त्याला रडताना पाहून मला माझी जीभ आवरता आली असती तर बरं झालं असतं, पण तोवर सगळं बोलून झालं होतं.

प्रेमला वाचली. घरी आणली तेव्हा तिला उचलूनच आत घ्यावं लागलं. दोन-तीन दिवस ती छताकडे बघत पडून होती, आणि मग मला म्हणाली, "आता सांगितलं पायजे. न्हाईतर उद्या दुसरा कोन तरी दुसरी पुडी आनंल." संध्याकाळी पंगत बसली. पुतळाने स्वयंपाक केला होता. प्रेमला माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली, आतल्या दाराची चौकट धरली आणि बोलायला लागली.

"मला क्यानसर हाय. छातीचा. सांदं बी हायती, पर त्ये तुमास्नी ठावंच हाय. डॉक्टर म्हनत्यात ह्यो रोग हातानं लागत न्हाई. तरी कुनाला माज्या हातचं नको वाटलं तर सांगू बी नगा. उद्यापास्नं नुसतं येऊ नगा. मी वाईट वाटून घेनार न्हाई." एवढं बोलून तिला धाप लागली. ती थांबली आणि मग म्हणाली, "आन् मला आता बाहेरचं कसलंच औशद आनून देऊ नगा. पुडीनं लई घात झाला."

तिने बाजीरावकडे पाहिलं नव्हतं. पण तो अर्ध्या जेवणावरून उठला, हात न धुता चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेला. बाकीचे ताटाकडे बघत राहिले. शेवटी हौसेराव बोलले.

"टोळीतलं मानूस पडलं तर त्येच्या वाट्याची पोती आमी वाटून घेतो. कुनी मोजत न्हाई, कुनी बोलून दाखवत न्हाई. सूनबाई, तुज्या भाकरी बी वाटून घेऊ. तू नुसती बसून सांग."

आणि त्यांनी खरंच तसं केलं. दुसऱ्या दिवसापासून एकेकाची पाळी लागली. पाठीवर क्विंटलचं पोतं घेणारी माणसं पिठात पाणी किती घालायचं याने घामाघूम व्हायची. भाकऱ्या अशा जाड की थप्पी लावावी. प्रेमला स्टुलावर बसून सूचना द्यायची आणि मधेच खाटेवर जाऊन पडायची. दमण्याच्या आधी पडायचं, हे तिने तेव्हा शिकायला घेतलं. तिला ते अवघड गेलं. दुसऱ्याला आपलं काम करताना बघणं हे तिला सुईसारखं टोचायचं, हे मला दिसत होतं.

पण सगळेच हौसेराव निघाले नाहीत. दोघांनी येणं बंद केलं. त्यांची नावं मी इथे घेणार नाही, पण पुढे कधीही रस्त्यात भेटले तरी मी त्यांच्याशी बोलले नाही. प्रेमलाने शब्द दिल्याप्रमाणे त्यांचं वाईट वाटून घेतलं नाही. तिचं मन अडकलं होतं ते तिसऱ्या रिकाम्या जागेत. बाजीराव आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. नामदेव बोलवायला गेला तर तो मागच्या दाराने निसटला. "त्येला किळस आली असंल," ती मला म्हणाली. "येनारच. लहान हाय त्यो." हे बोलताना ती त्याचं ताट पुसत होती, रिकामं आणि कोरडंच ताट.

मग एका दुपारी हौसेराव दारात येऊन उभे राहिले. "सूनबाई, त्यो जेवत न्हाई कुटंच," ते म्हणाले. "गेटावर उबा ऱ्हाऊन वडापाव खातो आन् परत कामाला लागतो. म्हनतो, माज्या हातनं वहिनीला इख गेलं, आता तिच्या ताटावर कसा बसू?"

प्रेमला माझ्याकडे वळली. म्हणाली, "बाई, रिक्षा बोलवा."

मी तिला नाही म्हणून सांगितलं. पुढचा डोस तोंडावर आला होता, डॉक्टरीणबाईंनी गर्दीत आणि धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि त्या दिवशी तिचे गुडघे इतके सुजले होते की चप्पल घालायलाही मला वाकावं लागलं. मी चिडले, ओरडले. ती ऐकेना. "नवरा गेला तर पळतो. तुमी गेला तर पळंल. मला बगून पळनार न्हाई." मी तिच्या नाकातोंडावर माझा धुतलेला रुमाल बांधला आणि निघाले. इथे एक सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पुढचे सगळे डोस तिला मिळाले. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, सांधे मात्र शेवटपर्यंत तिच्याशी भांडत राहिले.

रिक्षा मार्केटच्या गेटापर्यंत गेली. आत ट्रकांची रांग लागलेली, मधून हातगाड्या, खाली कांद्याची सालं आणि चिखल. टोळीचा गाळा फार आत होता. प्रेमला दर थोड्या वेळाने एखाद्या थप्पीला टेकायची, डोळे मिटायची आणि पुन्हा चालायची. मी तिच्या कमरेला हात घातला होता. ती किती हलकी झालीय ते मला तेव्हा कळलं.

बाजीराव गाळ्यात पोत्यांच्या मागे बसला होता. तिला पाहून तो उठला, पण कुठे जायचं ते त्याला सुचेना. प्रेमला एका पोत्यावर बसली आणि आधी श्वास घेतला.

"किळस आली न्हवती न्हवं तुला?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. दाढी वाढलेली, गाल बसलेले. "तुमी मेला असता, वहिनी."

"मेली असती. आन् तुला कळलं बी नसतं कशानं." ती रुमालाआडून बोलत होती, त्यामुळे आवाज दबलेला. "बाजीराव, तू सांद्याचं औशद आनलंस. माजं सांदं बरं झालं. तुजं काय चुकलं त्यात? रोग म्या चुकीचा सांगितला. तुला खरं ठावं असतं तर तू ती पुडी हातात तरी धरली असतीस का?"

 हमालांची ये-जा चालू होती. दोघंचौघं थांबून बघायला लागले. प्रेमला उठायला गेली आणि तिला उठता येईना. गुडघे सरळ होत नव्हते. पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा खाली बसली. मला रडायला आलं. बाजीरावने इकडेतिकडे पाहिलं, बाजूची हातगाडी ओढून आणली, तिच्यावर रिकामी गोणपाटं पसरली आणि वहिनीला उचलून गाडीवर ठेवलं.

आम्ही निघालो. तो मागून ढकलत होता, मी बाजूने चालत होते. एका खाचेत गाडी हादरली आणि प्रेमलाच्या डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला. भर मार्केटात, भर उन्हात तिचं ते गुळगुळीत डोकं. माणसं वळून बघायला लागली. मी पुढे होणार इतक्यात बाजीराव म्हणाला, "वहिनी, पदर घ्या. समदी बगत्यात."

"बगू दे," ती म्हणाली. "हात वर जात न्हाईत माजं."

बाजीरावने गाडी थांबवली. दिराने वहिनीच्या पदराला हात लावायचा नसतो, ते त्यालाही माहीत होतं. त्याने हात शर्टाला पुसले, दोन बोटांनी पदराची कड उचलली आणि हळूच तिच्या डोक्यावर ठेवली. मग परत मागे गेला आणि गाडी ढकलायला लागला.  गेटाजवळ आल्यावर त्याने विचारलं, "आज कालवन कशाचं हाय?"

ऑपरेशन झालं, केस गेले, शिरा जळल्या, त्यात कधीही प्रेमला माझ्यासमोर रडली नव्हती. आता ती रडायला लागली. डोळे पुसायला हात पोचत नव्हते, म्हणून मी पुसत होते.

"मटकीचं," ती म्हणाली.